शिडीचा पाय कुठे टेकतो

मामांचं म्हणणं असं, की शिडीवरून माणूस पडतो तो शिडीमुळे पडत नाही, घाईमुळे पडतो. भाचीचं म्हणणं असं, की घाई तर रोजच्या कामात असणारच. तेव्हा शिडी अशी उभी केलेली हवी, की घाईत असलेला माणूसही तिच्यावरून सुखरूप खाली येईल.

मामा कराडकडचे, रंगकामाचे मुकादम. हाताखाली चार-पाच पोरं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत त्यांना धड जेवायलाही सवड नसते. भाची चाकणच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे आणि सुटीला आजोळी आली आहे. अशी जोडी महाराष्ट्रात कुठल्याही गावात भेटेल. त्यांची नावं इथे महत्त्वाची नाहीत, वाद महत्त्वाचा आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि दोघांचंही ऐकून घेतल्याशिवाय शिडीबद्दल उपयोगाचं काही बोलता येत नाही.

वाद पेटला तो एका बंगल्यातल्या जिन्याच्या भिंतीवरून. रंगाऱ्यांना सगळ्यात नकोशी वाटणारी भिंत हीच. खाली सपाट जमीन नाही, वर दोन मजल्यांची सलग उंची, आणि दिवा नेमका सगळ्यात वरच्या कोपऱ्यात. मामांनी शिडीचा एक पाय जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकवला होता. दुसऱ्या पायाखाली, पुढच्या खालच्या पायरीवर, दोन विटा एकावर एक. विटांवर पोत्याचा तुकडा. वर एक पोरगा लांबी भरत होता. डाव्या हातात पत्र्यावर लांबीचा गोळा, उजव्या हातात पट्टी. म्हणजे शिडी धरायला एकही हात शिल्लक नाही.

“मामा, या विटा कुणी ठेवल्या?”

“मी ठेवल्या. हलवून बघ. हलल्या तर सांग.”

भाचीनं हलवून बघितल्या. हलल्या नाहीत. “आत्ता नाही हलणार. तो अजून दोन पायऱ्या वर गेला, की मग बघा.”

“अगं, खालून चढला तेव्हा नाही हलली, तर वर गेल्यावर का हलेल? तोच माणूस, तीच शिडी.”

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. शिडी वापरणाऱ्या बहुतेकांची समजूत हीच असते: पहिल्या दोन पायऱ्या चढून बघायच्या, शिडी बसली की बसली. प्रत्यक्षात भिंतीला टेकवलेल्या शिडीचा पाय बाहेर सरकवणारा जोर माणूस जितका वर जाईल तितका वाढत जातो. गणित शाळेतलंच आहे. शिडीचं स्वतःचं वजन सोडून द्या आणि भिंत गुळगुळीत आहे असं धरा. शिडी जमिनीशी ७५ अंशांचा कोन करत असेल आणि ७० किलोचा माणूस अर्ध्या उंचीवर असेल, तर शिडीचा पाय बाहेर ढकलणारा जोर सुमारे ९ किलोचा. तोच माणूस टोकाशी गेला की सुमारे १९ किलो. आता शिडी जरा पसरून लावली आणि कोन ६० अंशांवर आला, तर टोकाशी हाच जोर ४० किलोच्या घरात जातो. हा सगळा जोर पेलतं ते फक्त जमिनीचं घर्षण. लादी पुसून ओली असेल, लांबीची पांढरी भुकटी सांडलेली असेल, शिडीच्या पायाचं रबर झिजून धातू उघडा पडला असेल, तर हे घर्षण कुठल्या पायरीला संपेल ते वर चढणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. खाली दिलेली परीक्षा वर उपयोगी पडत नाही ती यामुळे.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, “पंच्याहत्तर अंश काय मी कंपासनं मोजू?”

“मोजू नका. शिडीच्या पायाला चवडे लावून ताठ उभे राहा. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर सरळ करा. तळवे शिडीला अलगद टेकले, तर कोन बरोबर. फार पुढे वाकावं लागलं तर शिडी पसरलीये. कोपर दुमडावं लागलं तर फार उभी आहे. वर गेल्यावर ती तुम्हाला घेऊन मागे येईल.”

“हे तर मी करतोच. चार हात उंचीला एक हात बाहेर. माझ्या वस्तादानं शिकवलंय.”

आणि ते खरं होतं. जगभरच्या सुरक्षेच्या नियमांत हेच प्रमाण आहे: चार एकक उंचीला एक एकक अंतर. भिंतीला शिडी चार मीटरवर टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटरवर. भारतीय मानक ब्युरोची शिड्यांसाठी वेगळी सुरक्षा संहिता आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग, १९९१ सालचा. ती मामांच्या वस्तादानं वाचली असण्याची शक्यता नाही. कामातून आलेलं ज्ञान आणि प्रयोगशाळेतून आलेलं ज्ञान एकाच जागी पोचतात, तेव्हा त्यावर निर्धास्त विसंबावं.

पण मग विटा?

“ते प्रमाण सपाट जमिनीवरचं,” भाची म्हणाली. “इथे एक पाय लादीवर आणि एक विटांवर. शिडी पुढेमागे सरकली नाही तरी बाजूला कलंडेल. पोरगा डावीकडे कोपरा गाठायला झुकला, की सगळा भार एका पायावर. तो पाय विटांचाच निघाला तर?”

इथे मामा गप्प राहिले. शिडीवर असताना माणसाची बेंबी दोन उभ्या दांड्यांच्या मधे राहिली पाहिजे, हे कोणताही जुना कारागीर सांगेल. हात पुरत नाही तेव्हा झुकायचं नाही. उतरायचं, शिडी सरकवायची, पुन्हा चढायचं. तरी झुकलं जातंच, कारण उतरून सरकवून चढण्यात दोन-तीन मिनिटं जातात आणि दिवसातून हे चाळीस वेळा करावं लागतं. जिन्यावर तर शिडी सरकवणं म्हणजे विटांची मांडणी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे ज्या जागी झुकणं सगळ्यात घातक, नेमक्या त्याच जागी झुकण्याचा मोह सगळ्यात मोठा.

तोडगा शेवटी मामांनीच काढला, आणि तो त्यांच्याच धंद्यातला होता. बांबूची परांची. शिडीचे दोन्ही पाय सारख्या लांबीचे. जिन्याला ते चालत नाहीत. बांबू मात्र प्रत्येक पायरीच्या उंचीप्रमाणे वेगवेगळ्या लांबीचा घेता येतो. चार उभे, आडवे ओढून बांधलेले, काथ्याच्या पक्क्या गाठी, एक तिरपा बांबू सगळ्यांना जखडणारा, वर दोन रुंद फळ्या आणि पाठीमागे कमरेच्या उंचीचा आडवा बांबू. अर्धा दिवस गेला. पण वर गेलेल्या पोराचे दोन्ही हात कामाला मोकळे झाले आणि तो सरळ उभा राहून लांबी भरू लागला. भाचीनं प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि एक फळी बदलायला लावली, कारण तिला गाठीपाशी चीर होती. मामांनी ती मुकाट्यानं बदलली.

बाहेरच्या बाजूला गच्चीवर जायचं होतं, तेव्हा वाद पुन्हा उभा राहिला. मामांची शिडी गच्चीच्या कठड्याला जेमतेम टेकत होती.

“टेकली म्हणजे झालं,” मामा म्हणाले. “वर गेलं की कठड्यावर हात टाकायचा आणि उडी मारायची.”

शिडीवरून गच्चीवर पाय टाकण्याचा तो एक क्षण सबंध चढणीतला सगळ्यात वाईट. माणूस कमरेत वळतो, एक पाय हवेत जातो, आणि शिडीला नेमका बाजूचा आणि मागचा धक्का बसतो. म्हणून शिडी टेकण्याच्या जागेपेक्षा निदान एक मीटर वर जायला हवी, म्हणजे उतरताना हाताशी धरायला दांडा राहतो; आणि वरचं टोक दोरीनं बांधलेलं हवं. बांधायला पहिल्यांदा वर जाईल त्याच्यासाठी खाली एकानं शिडीचे पाय आपल्या पायांनी अडवून, दोन्ही दांडे धरून उभं राहायचं. या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं नाही. मामांच्या मते खाली धरणारा माणूस असला की पुरे. भाचीच्या मते खालचा माणूस पाच मिनिटांनी मोबाइलवर असतो, आणि शिडी खरोखर घसरली तर एकट्याच्या हातानं ती थांबतही नाही. दोरीला मात्र फोन येत नाही. लेखकाचा कौल इथे भाचीच्या बाजूनं आहे. धरणारा हवाच, पण वर बांधून होईपर्यंत.

दुपारी जेवताना विषय घरावर आला. मामा म्हणाले, “तू आमच्या मागे लागतेस. आम्ही रोज चढणारी माणसं, आमचा पाय बसलेला असतो. खरं तर या घरात बघ. काल मालकीणबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर स्टूल ठेवून माळ्यावरची भांडी काढत होत्या.”

मामांचं हे बोलणं मनावर घ्यायला हवं. शिडीची चर्चा निघाली की डोळ्यापुढे येतात ते बांधकामावरचे मजूर. पण दिवाळीच्या साफसफाईत उंचावर चढणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या बायका-पुरुषांची संख्या काही कमी नसते. जळमटं काढायची, पंखा पुसायचा, माळ्यावरचा कंदिलाचा खोका उतरवायचा. शिडी शेजाऱ्याकडे असते, मागायला कोण जाणार? मग खुर्ची, स्टूल, पलंगाची कड, धान्याचा डबा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि यातले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. यात सगळ्या प्रकारचं पडणं आलं, केवळ शिडीवरचं नव्हे. पण स्टुलावरून पडलेली आजी त्यात आहेच.

“स्टूल केवढं? दीड-दोन फूट,” मामींनी मधेच म्हटलं.

“स्टूल दोन फुटांचं, मामी, पण तुमचं डोकं कुठे आहे?” भाचीनं विचारलं.

दोन फुटांच्या स्टुलावर पाच फुटांची बाई उभी असेल, तर तिचं डोकं जमिनीपासून सात फुटांवर असतं. पाय निसटून ती मागे कोसळली की ते डोकं दोन मीटर खाली येतं. सरळ दोन मीटर पडणारी वस्तू जमिनीला ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगानं लागते, तीन मीटरवरून पडली तर २८ किलोमीटरच्या आसपास, आणि या तीन मीटरना पाऊण सेकंदच लागतो. हात पुढे करायचा विचार डोक्यात येईपर्यंत जमीन आलेली असते. त्यात एक गोष्ट वयाची. मान मागे टाकून वर बघितलं की गरगरतं, अशी तक्रार असलेल्या कित्येकांच्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात दोष असतो. जमिनीवर उभं असताना ती गरगर दोन सेकंदांत जाते. पंख्याखाली स्टुलावर उभं असताना ते दोन सेकंद फार लांब असतात.

मामींनी विचारलं, मग चढायचंच नाही का? भाचीचं उत्तर सरळ होतं: घरात तीन पायऱ्यांची, रुंद पायऱ्यांची, वर धरायला दांडा असलेली घडीची शिडी ठेवायची. ती पूर्ण उघडायची, मधली पट्टी ताणून बसली की नाही ते बघायचं, आणि वरच्या टोकाच्या फळीवर उभं राहायचं नाही. ती डबा ठेवायला असते. घडीची शिडी मिटलेलीच भिंतीला टेकवून चढायची, हा घरोघरी दिसणारा प्रकार तर पूर्ण बंद. दाराजवळ काम असेल तर दाराला आतून कडी घालायची. पायात सपाता नकोत, नवी चप्पल नको, साडीचा घोळ खोचलेला हवा. आणि ज्या वस्तू वर्षातून चारदा लागतात त्या माळ्यावर ठेवायच्याच नाहीत.

हा शेवटचा उपाय लेखकाला सगळ्यात मोलाचा वाटतो. चढण्याची गरजच काढून टाकली, तर पडण्याचा प्रश्न उरत नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामासाठी जे नियम आले, त्यांचा क्रमच असा आहे: आधी उंचीवरचं काम टाळता येतं का बघा, टाळता येत नसेल तर पडणार नाही अशी सोय करा, तेही जमलं नाही तर पडल्यावर इजा कमी होईल असं बघा. तिथे शिडीवर बंदी नाही. कमी जोखमीच्या, थोडा वेळ चालणाऱ्या कामाला शिडी चालते, आणि एका जागी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ शिडीवर उभं राहावं लागणार असेल तर दुसरं साधन आणा, असं तिथलं मार्गदर्शन सांगतं.

“हे आपल्याकडे कोकणात कधीच केलंय,” मामा म्हणाले. ऐन आंब्याच्या दिवसांत त्यांनी रत्नागिरीकडे रंगकाम केलं होतं. हापूसच्या बागेत काठीला जाळी आणि पातं लावलेला झेला असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं काढलेला नूतन झेला बागायतदारांच्या ओळखीचा आहे. आंबा देठासकट कापला जातो आणि जाळीत पडतो. देठ राहिल्यानं चीक फळावर सांडत नाही, फळ डागाळत नाही, म्हणून बाजारात भाव राहतो. आणि ज्या फांद्यांपर्यंत काठी पोचते, तिथल्या आंब्यांसाठी माणसाला झाडावर चढावं लागत नाही. रंगाऱ्याकडेही अशी काठी आहे: रोलरला लावायचा लांबणारा दांडा. छत आणि भिंतींचा मोठा भाग जमिनीवर उभं राहून होतो. मामांनी तो दांडा घेतला आहे, आणि खांदे भरून येतात अशी पोरांची तक्रार असली तरी आता शिडी कमी लागते, हे त्यांनी मान्य केलं.

मामांची एक बाजू मात्र भाचीला निमूटपणे ऐकावी लागली. ती विजेची. कारखान्यांत आणि सोसायट्यांत सगळीकडे ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या. हलक्या, सुबक, घडीच्या. मामा अजून बांबूची शिडी बाळगतात आणि लोक त्यांना जुनाट म्हणतात.

“गल्लीतनं तुझी ती चकचकीत शिडी उभी करून नेताना वर तार असली तर?”

“तर संपलं,” भाची म्हणाली.

गावातल्या गल्ल्यांतून, बंगल्यांच्या गच्चीला जवळजवळ खेटून ११ हजार व्होल्टच्या वाहिन्या जातात. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं. एवढ्या दाबाच्या वाहिनीला शिडी टेकावीच लागते असंही नाही. फार जवळ गेली तरी ठिणगी उडी घेते. घरातल्या २३० व्होल्टच्या जोडणीलाही धातूच्या शिडीवर उभा असलेला माणूस जमिनीशी जोडलेला असतो. विजेच्या कामाला म्हणूनच फायबर ग्लासची शिडी वापरतात, तीही कोरडी आणि स्वच्छ असेल तरच. बांबू कोरडा असताना बरा, पावसात भिजला की तोही भरवशाचा नाही, ही दुरुस्ती भाचीनं केली आणि मामांनी मानली. शिडी नेताना आडवी न्यायची, दोघांनी धरायची, उभी करण्याआधी मान वर करून बघायचं. पंख्याचं किंवा दिव्याचं काम असेल तर बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच खाली करायचा.

बांबूच्या शिडीला निगा मात्र लागते. बांबू वाळत जातो तसा आकसतो आणि काथ्याची पकड सैल पडते. दर मोसमाआधी बंध नव्यानं आवळावे लागतात. भुंग्यानं पोखरलेल्या बांबूतून पिठासारखी पूड गळते, ती दिसली की तो बांबू बाद. लाकडी शिडीला तेलरंग देऊन देखणी करण्याचा मोह रंगाऱ्यालाच जास्त होतो, आणि तो टाळायला हवा. रंगाखाली चीर झाकली जाते. तेल किंवा पारदर्शक वॉर्निश चालतं, कारण त्यातून लाकडाची रेषान् रेषा दिसते.

संध्याकाळी बोलणं जिथे पोचलं, तिथे मामांचा आवाज चढला. “तुमच्या कंपनीत बाहेरचा पेंटर आला, की तुम्ही त्याची सही घेता. सूचना समजल्या म्हणून. सूचना इंग्रजीत. मग त्याच्या अंगावर पट्टा चढवता. पट्टा अडकवायला वर काय असतं? काही नाही. तो पट्टा शिडीलाच अडकवतो. शिडी पडली की पट्ट्यासकट पडतो, आणि कागदावर लिहितात, कामगाराचा निष्काळजीपणा.”

भाचीनं हे खोडून काढलं नाही. तिला ते रोज दिसतं. पट्ट्याची दोरी सुमारे दोन मीटरची असते. पडताना ती ताणते, तिच्यातला झटका शोषणारा भाग उलगडतो, माणसाची स्वतःची उंची त्यात मिळवावी लागते. सगळं मिळून पायाखाली पाच-सहा मीटर मोकळी जागा हवी, नाहीतर पट्टा काम करायच्या आत जमीन येते. तीन मीटरच्या शिडीवर असा पट्टा चढवणं हे नियम पाळल्याचं दाखवणं झालं. पाण्याच्या टाकीला जडवलेल्या लोखंडी शिडीभोवतीच्या पिंजऱ्याचंही तसंच. पडणारा माणूस त्यात आपटत खाली येतो, थांबत नाही. अमेरिकेनं २०१८ च्या नोव्हेंबरपासून चोवीस फुटांहून उंच अशा नव्या स्थिर शिड्यांना निव्वळ पिंजरा पुरेसा मानणं सोडून दिलं आहे.

“मग कायदा कशाला आहे?” मामांनी विचारलं.

कायदा आहे, आणि तो मामांच्या पोरांपर्यंत पोचत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचं ३२ वं कलम सांगत होतं, की पडण्याचा संभव आहे अशा उंचीवर माणूस काम करत असेल तर कठड्याची किंवा तशी सोय केली पाहिजे. पण ते कारखान्याला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा आला. तो दहा किंवा त्याहून जास्त मजूर असतील तिथे लागू होता, आणि स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम काढणारा मालक त्यातून वगळलेला होता. २०२५ मध्ये या दोन्ही कायद्यांची जागा घेतलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत राहत्या घराची ही मर्यादा ५० लाखांवर गेली. मामांची टोळी पाच जणांची. बंगल्याचं रंगकाम काही लाखांचं. दोन्ही बाजूंनी ती कायद्याच्या बाहेर राहते. चाकणच्या कारखान्यात भाचीला पगार मिळतो तो शिडी तपासायला. कराडच्या बंगल्यात ती तपासायची जबाबदारी कागदावर कुणाचीच नाही.

लेखकाला या सबंध वादात हीच जागा सगळ्यात गंभीर वाटते. शिडीवरचा बहुतेक धोका पहिल्या पायरीवर पाय पडण्याआधीच ठरलेला असतो: शिडी पुरेशा लांबीची आणली की नाही, परांचीला पैसे धरले की नाही, काम किती दिवसांत मागितलं. हे ठरवतो काम देणारा. वर चढणाऱ्या पोराच्या हाती त्यातलं काहीच नसतं, आणि पडल्यावर दोष मात्र त्याच्या पायाला लागतो. ज्या घरमालकाला कायद्यानं मोकळं सोडलं आहे, त्यानं स्वतःहून हे ओझं उचलायला हवं, कारण दुसरं कुणी उचलणारच नाही.

मामांच्या हाताखालचा एक पोरगा काही वर्षांपूर्वी दहा फुटांवरून पायांवर पडला. टाच फुटली. सगळे टाचेकडेच बघत राहिले. त्याला उठवून, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, रिक्षात बसवून नेलं. भाचीनं हे ऐकून ताटावरचा हात थांबवला. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या पाठीचा मणकाही मोडलेला असू शकतो. टाचेतून शिरलेला झटका सरळ कण्यात जातो. अशा माणसाला उठवायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही. मान हलू द्यायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं. तो पोरगा नशिबानं वाचला, पण पुन्हा रंगकामाला आला नाही. फुटलेल्या टाचेनं शिडीच्या अरुंद पायरीवर दिवसभर उभं राहता येत नाही.

रात्री भाचीनं मामांच्या दरपत्रकाचा कागद पुढे ओढला. “परांचीचं भाडं लिहा यात.”

“लिहिलं की मालक पहिलं तेच खोडतो. म्हणतो, शेजारच्यानं शिडीवर केलं.”

“मग वेगळं लिहू नका. मजुरीतच धरा. बारा फुटांवरच्या भिंतीचा चौरस फुटाचा दर वेगळा ठेवा.”

मामांना हे पटलं. त्यांनी स्वतःहून दुसरी अट घातली: मालकाच्या घरातली शिडी वापरणार नाही. माळ्यावर दहा वर्षं पडलेली, एक पायरी तारेनं बांधलेली शिडी पुढे करून “आहे की आमच्याकडे” म्हणणारे मालक त्यांना दर मोसमात भेटतात. तिसरी अट भाचीनं सुचवली, की बाहेरच्या भिंतीचं काम पाऊस पडत असताना बंद. मामांनी पेन खाली ठेवलं.

“बंद ठेवायला माझी ना नाही. ओल्या शिडीवर मीही पोराला चढवत नाही. पण त्या दिवशी पोरं येऊन बसलेली असतात. त्यांचा खाडा कुणी भरायचा? मी भरला तर माझं दिवाळं, त्यांनी सोसला तर चूल बंद.”

“मालकानं अर्धा भरावा,” भाची म्हणाली.

“तू मालकाशी बोलून बघ,” मामा म्हणाले, आणि तिसरी ओळ कोरी ठेवून त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.